बसून वाजवलेलं त्रिसरण

बँडवाला लग्न पाहत नाही. हे सांगितलं की लोक हसतात, पण खरं तेच आहे. वरात मंडपाच्या दारापर्यंत आणायची, दारात एक जोरकस गाणं वाजवायचं, आणि नवरदेव आत गेला की टोप्या काढून बाहेर सावली शोधायची. आत काय चाललंय ते कर्ण्यावरून ऐकू येतं. आतून कोणी हात हलवला की उठून पुन्हा वाजवायचं. जेवण शेवटच्या पंगतीत, तोवर भाजीतली वांगी संपून नुसता रस्सा उरलेला असतो. तेल्हाऱ्यापासून चांदूर रेल्वेपर्यंत मी किती लग्नं वाजवली याचा हिशेब नाही, पण हार घालताना नवरीचे हात थरथरतात की नाही, असं कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

मी अकोल्याचा. क्लॅरनेट वाजवतो. पावसाळ्यात लग्नं नसतात तेव्हा लोकांच्या घरांना रंग देतो. रंगारी म्हणून मला कोणी ओळखत नाही, बँडमध्ये ओळखतात, म्हणून मी स्वतःला बँडवालाच समजत आलो. खोटं कशाला बोलू, मला माझ्या आवाजाचा गर्व होता. मागे ढोल, ताशे, झांजा, पुढे दारू पिऊन नाचणारी पोरं, बाजूनं ट्रकचे हॉर्न, आणि या सगळ्यातून माझं क्लॅरनेट पुढच्या चौकातल्या पानठेल्यावर ऐकू जायचं. हळू वाजवणं म्हणजे आजारी माणसाचं काम, असं मी नव्या पोरांना सांगत असे.

बँडचा आणखी एक रिवाज आहे. वरातीत जागा रिकामी पडू द्यायची नाही. गाण्याच्या दोन ओळींमध्ये जरा शांतता झाली की नाचणाऱ्यांचे पाय थांबतात, पाय थांबले की वरपक्षाचा कोणीतरी मामा नाहीतर काका वळून म्हणतो, "काहून बे, झोपले काय?" म्हणून ती जागा क्लॅरनेटवाल्यानं भरायची. ढोलवाला दम खाऊ शकतो, आम्ही नाही. चालता चालता, पाऊल टेकलं की नाकातून चोरून श्वास घ्यायचा आणि ओळ पुढे न्यायची, हे मी पोरवयात शिकलो. त्यामुळे माझा श्वास आणि माझे पाय यांची जन्माची सोयरीक झाली. उभा राहून मला बरं वाजवता येत नसे. बसून तर मी कधी वाजवलंच नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी तेल्हाऱ्याकडच्या एका वरातीत नवरदेवाचा मित्र नाचत नाचत मागे सरकत आला. त्याचं कोपर खालून माझ्या क्लॅरनेटच्या भोंग्याला लागलं. वाजवताना क्लॅरनेटचं टोक वरच्या दातांखाली धरलेलं असतं. ते टोक वर सरकलं आणि समोरचे दोन दात जागीच गेले, शेजारचे हलले ते पुढे दातांच्या डॉक्टरीणबाईंनी काढले. तो पोरगा सॉरी म्हणून परत नाचायला गेला. त्याचं तरी काय चुकलं, लग्न त्याच्या दोस्ताचं होतं. मी तोंडाला रुमाल धरून उरलेली वरात चालत पुरी केली. बाकीच्यांनी आवाज वाढवून माझी जागा भरली, कोणाला काही कळलं नाही.

मग कवळी आली. डॉक्टरीणबाई भल्या होत्या. म्हणाल्या, काका, मक्याचं कणीस सोडून सगळं खाता येईल. मी विचारलं, क्लॅरनेट? त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, हळूहळू पाहा. मी त्यातलं 'पाहा' तेवढं ऐकलं. पुढच्या लग्नात पहिल्याच वरच्या सुराला फुंक मारली आणि कवळी टाळूवरून सुटून जिभेवर आली. सूर फाटला. बँड पार्टीचा मालक माझ्याच वयाचा, बरोबर वाढलेला. त्यानं मला सर्वांदेखत काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात खुळखुळे दिले. म्हणाला, "तोंड भरून येईपर्यंत हे हालव." तोंड कुठलं भरून येतं. मी लाल कोट घालून अख्खी लगनसराई खुळखुळे हलवले. समोरून कोणी ओळखीचं आलं की मी ढोलाच्या आड होत असे.

आमच्या घरात देव नाही. आजोबांनीच ते नदीत सोडले, तेव्हापासून घरात दोन तसबिरी आहेत, आमच्या सगळ्यांच्या घरात असतात त्याच. या गोष्टीचा मला अभिमान आहे, पण त्या वर्षी पहिल्यांदा अडचण झाली. शेजारचा रंगारी धंदा बसला की देवाशी भांडतो, नवस फेडणार नाही म्हणून धमकावतो, मग त्याला बरं वाटतं. मला भांडायलाही कोणी नव्हतं. बुद्धाकडे मागायचं नसतं, हे लहानपणापासून कानावर पडलेलं. बायको दर पौर्णिमेला विहारात जायची, मी दाराशी चपला सांभाळत बसायचो. आत वंदना चालायची तेव्हा मनात यायचं, शरण जायला माणसाजवळ निदान काहीतरी असावं लागतं, मी काय खुळखुळे घेऊन जाऊ?

अशात अमरावतीहून भाचीचा फोन आला. माझ्या धाकट्या बहिणीची ही मुलगी तिथे सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिचं लग्न ठरलं होतं, मुलगा चांदूर रेल्वेचा. दोघांनी ठरवलं होतं की वरात नको, डीजे नको, नाच नको, हॉलमध्ये वंदना घेऊन लग्न लावायचं. मी मनात म्हटलं, चला, एक लग्न तरी खुळखुळ्यावाचून पार पडेल. तेवढ्यात ती म्हणाली, "मामा, त्रिसरण तुमी वाजवाचं. एकट्यानं. बसून, आरामात. तुमी एक ओळ वाजवाची, मंग लोक म्हनतीन."

मी म्हटलं, "बेटा, माह्याच्यानं होत नाही आता."

"काहून?"

दातांचं तिला ठाऊक होतं, खुळखुळ्यांचं नव्हतं. मी सांगायला शब्द शोधत होतो तर बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला. "वाजवतीन," ती म्हणाली. "तू पत्रिकेचं पाह्य." आणि फोन ठेवून भाकरी थापायला गेली.

मी तिच्यावर खूप ओरडलो. ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "खुळखुळे हालवाले जीव लागते, अन् भाचीच्या लग्नात वाजवाले जीव नाई लागत?" मी पेटी काढून क्लॅरनेट पुसायला घेतलं.

सराव सुरू केला. काय सांगू त्या सरावाचं. जोरात फुंकलं की कवळी सुटायची. सायकलच्या ट्यूबचा एक बारीक तुकडा कापून क्लॅरनेटच्या टोकावर, दात टेकतात तिथे चिकटवला. त्यानं घसरणं जरा कमी झालं, सुटणं गेलं नाही. एकदा सूर धरता धरता कवळी थेट मांडीवर पडली आणि बायको स्वयंपाकघरात इतकी हसली की तिला ठसका लागला. हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाली, "हळू वाजवा न. कोनची वरात चालली हाये?"

हळू. म्हणजे ज्याला मी आयुष्यभर नावं ठेवली तेच. पण दुसरा इलाज नव्हता. फुंक कमी केली तर सूर डासासारखा गुणगुणायचा, आणखी कमी केली तर नुसती हवा जायची. त्या दोघांच्या मधे एक जागा होती, तिथे सूर उभा राहायचा आणि कवळीही बसून राहायची. ती जागा सापडायची आणि हरवायची. जोरात वाजवताना निम्म्या चुका ढोलाखाली झाकल्या जातात. हळू वाजवताना माझंच मला सगळं ऐकू यायला लागलं, आणि ते काही सगळं ऐकण्यासारखं नव्हतं. शिवाय मी खोलीत फेऱ्या मारत वाजवायचो. खुर्चीवर बसलो की पाय रिकामे, आणि पाय रिकामे की श्वास कुठे घ्यावा तेच कळेना. जाण्याच्या दिवसापर्यंत मला बसून एकदाही धड वाजवता आलं नव्हतं. हे मी बायकोला सांगितलं नाही. तिला भिंतीपलीकडून माझी पावलं ऐकू येत असणारच.

बसनं मूर्तिजापूरमार्गे अमरावतीला गेलो. क्लॅरनेटची पेटी मांडीवर. मी वाटेत दहादा ठरवलं की बहिणीला खरं सांगून मोकळं व्हावं. पण बहिणीच्या घरी पोचलो तर ती दारातच म्हणाली, "दादा, आमच्या कॉलनीत साऱ्याइले सांगून ठेवलं मी, माहा भाऊ वाजवनार हाये म्हनून." मग काय सांगता.

हॉल बडनेरा रोडवर होता, छोटासाच. आत जाताना दारात माझे पाय आपोआप थांबले. जन्मभराची सवय. मागून भाचीचा दीर की कोण होता त्यानं म्हटलं, "चला न मामा, काहून थांबले?" लाल कोटाऐवजी पांढरा शर्ट होता, अंग उघडं पडल्यासारखं वाटत होतं. समोर फुलांनी सजवलेली बुद्धमूर्ती, बाजूला तसबीर, मेणबत्त्या, आणि त्यांच्या उजव्या अंगाला माझ्यासाठी एक खुर्ची, तिच्यासमोर माइक. भाची पांढऱ्या साडीत होती. मी चप्पल काढून खुर्चीवर बसलो आणि पाय कुठे ठेवावेत याचा विचार करू लागलो.

लग्न लावणारे बौद्धाचार्य वयस्क होते. त्यांनी हात जोडून डोळे मिटले आणि मला मानेनं खूण केली. सगळा हॉल उठून हात जोडून उभा राहिला. एकटा मी बसलेला.

त्रिसरण तीन ओळींचं, बुद्ध, धम्म आणि संघाला शरण जाण्याचं, आणि ते तीन वेळा म्हणायचं, हे आमच्यात पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. पहिली ओळ मी वाजवली. बारीक निघाली, पण निघाली. आणि ओळ संपताच माझ्यातला बँडवाला जागा झाला. शांतता पडतेय असं दिसलं आणि तोंडानं मला न विचारता ती भरून टाकली. त्याच वेळी लोकांनी ओळ म्हणायला सुरुवात केली होती. माझं क्लॅरनेट त्यांच्या अंगावरून पुढे गेलं. पुढचे लोक थांबले, मागचे म्हणत राहिले, काहींना वाटलं दुसरी ओळ आली, त्यांनी दुसरी धरली. मला थांबता येईना. पायाखाली रस्ता नव्हता म्हणून श्वास मिळेना, श्वास मिळेना म्हणून मी आणखी जोर केला, आणि जोर केल्याबरोबर कवळी हलली आणि माइकमधून शिट्टीसारखा आवाज सगळ्या हॉलभर गेला. तिसरी ओळ कशी संपली ते माझ्या ध्यानात नाही. ज्या लोकांचं त्रिसरण झोपेतही चुकत नाही, त्यांचं मी चुकवलं होतं.

वरातीत असं झालं असतं तर कोणीतरी शिवी हासडली असती आणि मला बरं वाटलं असतं. इथे कोणी काही बोललं नाही. बौद्धाचार्यांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. भाची हात जोडून तशीच उभी. दुसऱ्या रांगेत बायको दिसली. जोडलेल्या हातांची तिची बोटं किंचित खाली झाली, आम्ही लहान पोराला हळू म्हणून सांगतो तशी. मला वाटलं, उठावं, पेटी घ्यावी आणि मागच्या दारानं जावं. तेवढ्यात ध्यानात आलं की दुसरी फेरी माझीच आहे. कोणी मला दुसरी संधी देत नव्हतं. त्रिसरण दुसऱ्यांदा म्हणायचंच असतं, आणि लोक त्यासाठी उभे होते.

मी पहिली ओळ वाजवली. हळू. आणि ओळ संपल्यावर क्लॅरनेट ओठांवरून काढून मांडीवर ठेवलं, म्हणजे तोंडाला आवरायची भानगडच नको.

क्षणभर काहीच झालं नाही. मग बायकांच्या बाजूनं आवाज उठला, आपल्या वऱ्हाडी वळणाचा, शेवटचं अक्षर जरा लांबवणारा, आणि बांध फोडल्यावर पाणी वाफ्यात पसरतं तसा मागच्या भिंतीपर्यंत गेला. माणसांनी धरला, पोरांनी धरला. मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या ओळीनंतरचा लोकांचा आवाज ऐकला. आजवर तिथे मीच असायचो. आणि ते म्हणत होते तोवर मला काही करायचं नव्हतं. मी पोटभर श्वास घेतला. जिभेनं कवळी वर दाबून नीट बसवली. घाई नव्हती. लोकांचं म्हणून झालं, मी दुसरी ओळ वाजवली. पुन्हा त्यांनी घेतली. मला चालायची गरज राहिली नव्हती. मी दम घेत होतो तेव्हा ओळ ते चालवत होते.

तिसऱ्या फेरीत मी त्या मधल्या जागेवर होतो, जी घरी सापडायची आणि हरवायची. सूर इतका हळू होता की चौकातल्या पानठेल्यावर काय, हॉलच्या दाराबाहेरही गेला नसेल. पण शेवटच्या रांगेत एक म्हातारी ओठ हलवत त्याच्यावर मान डोलवत होती, हे मला दिसलं. शेवटची ओळ संघाला शरण जाण्याची. लहानपणी मला वाटे, बुद्ध समजतो, धम्म समजतो, संघ म्हणजे चीवर घातलेले भंतेजी. त्या दिवशी ती ओळ वाजवून मी थांबलो, समोरच्या माणसांनी ती उचलली, आणि मला कळलं की मी कोणाच्या भरवशावर बसलो आहे. मी शरण गेलो. जवळ काही नसतानाही जाता येतं.

नंतर शांतता झाली. बँडवाल्याच्या कानाला ती वाईटच लागते. टाळी नाही, शिट्टी नाही, नोट ओवाळणं नाही. मग बौद्धाचार्यांनी म्हटलं, साधु. हॉलनं म्हटलं, साधु, आणि पुन्हा, आणि पुन्हा. वंदना झाल्यावर तीनदा साधु म्हणतातच, त्यात विशेष काही नाही. पण म्हणताना बौद्धाचार्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. हात क्लॅरनेटवर होते म्हणून जोडता आले नाहीत, याचं मला वाईट वाटलं.

आणि मग मी लग्न पाहिलं. माझं स्वतःचं सोडलं तर पहिल्यांदा. हार घालताना भाचीचे हात अजिबात थरथरले नाहीत, रोज सुया टोचणारे हात ते, थरथरले नवरदेवाचे. त्याचा हार तिच्या अंबाड्यात अडकला आणि दोघं हसू दाबत राहिले. लोकांनी फुलं टाकली, त्यातली काही माझ्या डोक्यावर पडली. अशा गोष्टी मंडपात घडत असतात आणि आम्ही बाहेर झाडाखाली बिड्या ओढत असतो.

जेवायला आम्ही पहिल्या पंगतीला बसलो. वांगी होती. बायको शेजारी होती. मी म्हटलं, "पह्यली फेरी वाया गेली."

ती म्हणाली, "पह्यल्या फेरीले मी मनातल्या मनात तुमाले शिव्या देऊन राह्यली होती."

"वंदनेत?"

"मंग. हात जोडूनच." तिनं माझ्या ताटात आणखी एक वांगं वाढायला लावलं. "दुसरी लागली अन् मले वाटलं, आता हे खुळखुळे नाई हालवत."

मला तिचे आभार मानायचे होते. आमच्याकडे नवरा-बायकोत असं काही म्हणत नाहीत, तिनं ते हसण्यावारी नेलं असतं. मी तिच्या ताटातली मिरची उचलून माझ्या ताटात घेतली, तिला तिखट चालत नाही. पण इथे लिहिताना लाजायचं कारण नाही. मी तिचा ऋणी आहे. फोन हिसकावून घेतल्याबद्दल, हसल्याबद्दल, दुसऱ्या रांगेत उभी राहिल्याबद्दल. त्या डॉक्टरीणबाईंचा आहे, ज्यांनी हळूहळू म्हटलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. डोळे न उघडणाऱ्या त्या बौद्धाचार्यांचा आहे. आणि तीनदा म्हणायचं ज्यांनी कोणी पहिल्यांदा ठरवलं असेल, त्यांचा तर फारच. माणूस पहिल्या खेपेला चुकणार, हे त्यांना माहीत असलं पाहिजे. भांडायला कोणी नाही म्हणून मी वर्षभर कुढलो होतो; आभार मानायची वेळ आली तेव्हा माणसं मोजता येईनात.

दुपारनंतर बिदाईची वेळ झाली. फुलं लावलेली गाडी हॉलसमोर उभी राहिली. नवरदेवाच्या काकांना माझं वाजवणं आवडलं होतं. ते म्हणाले, "मामा, आता एक बिदाईचं होऊन जाऊ द्या." मी लगेच पेटी उघडायला वाकलो. बिदाईची गाणी मला मांडीवरच्या पोरासारखी ठाऊक, तीही संथच असतात. क्लॅरनेट जोडून तोंडाशी नेलं तेवढ्यात भाची आली आणि तिनं त्यावर हात ठेवला.

"नको मामा," ती म्हणाली. "आता नुसते मामा म्हनून या."

बिदाईत वाजवणाऱ्याला रडता येत नाही. हुंदका आला की श्वास तुटतो आणि सूर जातो, म्हणून आम्ही नवरीकडे पाहतच नाही, गाडीच्या चाकाकडे पाहून वाजवतो. किती घरांची रडारड मी कोरड्या डोळ्यांनी वाजवून काढली आहे. माझ्या स्वतःच्या बहिणीचं लग्न झालं तेव्हा बँड आमचाच होता. बाप गेलेला, मी मोठा भाऊ, आणि तिच्या जीपमागे गावच्या शिवेपर्यंत मी बिदाई वाजवत गेलो. लोकांनी वाखाणलं की सख्खा भाऊ असून एक सूर हलला नाही. ती जीपमधून मागे पाहत होती. तिला माझं तोंड दिसलं नसेल, क्लॅरनेट दिसलं असेल.

दोन दिवस आधी भाचीनं माझा हात असा अडवला असता तर मी समजलो असतो की हिलाही माझं वाजवणं नको झालं. त्या दुपारी तसं वाटलं नाही. वाजवणं आता माझ्यापाशी होतं, कुठे जाणार नव्हतं, म्हणून ते खाली ठेवता आलं. मी क्लॅरनेट पेटीत ठेवलं, पेटी बायकोकडे दिली आणि रिकाम्या हातांनी भाचीबरोबर गाडीपर्यंत चाललो. ती गळ्यात पडली. मला वाटलं मी हसून तिला निरोप देईन. पण तोंड उघडलं ते मिटेचना, कवळी दिसतेय की काय हेही भान राहिलं नाही, मी लहान पोरासारखा मोठ्यानं रडलो. भाचीच घाबरून माझी पाठ थोपटू लागली.

गाडी निघाली. बहीण माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती. तिचे डोळे पुसून झाले होते. इतक्या वर्षांत तिच्या बिदाईचा विषय आमच्यात एकदाही निघालेला नव्हता. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "रडून घे दादा. माह्या वख्तचं बी रडून घे."

मी तेही रडून घेतलं.